लॅपटॉपचं चित्र टीव्हीवर, आवाज टीव्ही आणि हेडफोन दोन्हीकडे. कसं जमवायचं?

चिंचेचा_कोळ:
नमस्कार मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

सासूबाईंना कमी ऐकू येतं. जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग्ज आमच्याकडे हार्ड डिस्कवर आहेत आणि संध्याकाळी एखादा अंक तरी लावावाच लागतो. लॅपटॉप विंडोज ११ चा, टीव्ही अँड्रॉइड. विंडोजचं बटण आणि के दाबून टीव्हीला वायरलेस जोडते, आईंचा ब्लूटूथ हेडफोन लॅपटॉपला. आता रडगाणं ऐका.

आवाज हेडफोनला दिला की टीव्ही मुका, टीव्हीला दिला की हेडफोन मुका. सासरे म्हणतात, मी काय मूकपट बघत बसू? दुसरं म्हणजे, हेडफोनमध्ये आवाज चित्राच्या आधी पोचतो. आई ओठांकडे बघून अर्धं समजून घेतात, त्यामुळे त्यांना ते लगेच खटकतं. "हा मेला आधी बोलतो नि मग तोंड उघडतो," म्हणत हेडफोन काढून ठेवतात. शिवाय अधूनमधून चित्र अडखळतं.

एचडीएमआय वायर कृपया सुचवू नका, वाटेत सगळ्यांची ये-जा आहे. पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावला तर निम्म्या फायलींना 'ऑडिओ फॉरमॅट चालत नाही' असं येतं.

खटपट्या:
साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगच्या टॅबवर 'स्टिरिओ मिक्स' चालू करा. त्याच्या 'लिसन'मध्ये हेडफोन निवडा. दोन्हीकडे आवाज येईल. फुकटात काम.

तारतम्य:
खटपट्या, इथे नाही चालणार. स्टिरिओ मिक्स लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंड कार्डावर वाजणारा आवाज उचलतं. वायरलेस जोडलेला टीव्ही विंडोजला वेगळंच उपकरण वाटतो. म्हणजे आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर आणि हेडफोनवर येईल, टीव्ही मुकाच.

व्हॉइसमीटर बनाना नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्यात आवाज बाहेर सोडायच्या वाटांना ए१, ए२ अशी नावं आहेत; ए१ ला टीव्ही, ए२ ला हेडफोन द्यायचा. एकेका वाटेला मिलिसेकंदांत उशीर द्यायची सोयही त्यात आहे. पण खरं सांगू? आईंसाठी रोज संध्याकाळी ते उघडून बसणं माझ्याच्याने झालं नसतं.

आळशी_मांजर:
वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच घोळ.

चिंचेचा_कोळ:
पण आवाज आधी का येतो? ब्लूटूथला उलट उशीर होतो असं वाचलं होतं.

तारतम्य:
होतोच. साध्या एसबीसी कोडेकवर (म्हणजे ब्लूटूथची आवाज दाबून पाठवायची नेहमीची पद्धत) दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. पण तुमचं चित्र त्याहून मागे पडतंय. विंडोज-के वाली जोडणी म्हणजे मिराकास्ट. त्यात लॅपटॉप अख्ख्या स्क्रीनचं चित्र क्षणोक्षणी एच.२६४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये दाबतो, वाय-फाय डायरेक्टने पाठवतो, टीव्ही ते उलगडतो, आणि वर टीव्ही स्वतःचं 'पिक्चर सुधारणा' प्रकरण चालवतो. ते टीव्हीवर गेम मोड लावून बंद होतं. चित्र आणि आवाज दोन्ही मिराकास्टने गेले तर टीव्ही त्यांचा मेळ घालतो. तुम्ही आवाज वेगळ्या रस्त्याने पाठवलात, मेळ घालणारं कुणी उरलं नाही.

अडखळण्याचं कारणही बहुधा इथेच आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. घरचं वाय-फायही त्याच पट्ट्यावर असेल तर सगळी गर्दी एकाच गल्लीत. लॅपटॉप राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवाल्या नावाला जोडा, बराच फरक पडेल.

तात्पुरता उपाय म्हणून, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये के दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद मागे जातो, जे दाबलं की पुढे येतो. आईंनी 'बास' म्हणेपर्यंत के दाबत राहा.

आडवाटेचा:
मंडळी, सगळेच लॅपटॉपवर का फाटे फोडताय? लॅपटॉपने एकच प्रवाह पाठवावा, फाटा टीव्हीनंतर फोडावा.

मिराकास्ट सोडा. फायली तुमच्याच आहेत, तर व्हीएलसी ३.० पासून त्यात कास्टची, म्हणजे फाईल वाय-फायवरून टीव्हीवर लावायची, सोय आहे. प्लेबॅकमध्ये 'रेंडरर' उघडा, टीव्हीचं नाव दिसेल. लॅपटॉप आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत आणि फायरवॉलने विचारलं तर परवानगी द्या. पहिल्या वेळी 'असुरक्षित' असा प्रमाणपत्राचा इशारा येतो, घाबरू नका, स्वीकारा. टीव्हीला न पचणारा आवाज व्हीएलसी वाटेतच बदलून देतं. रूपांतर करावं लागेल अशी सूचना दाखवतं, तिला हो म्हणायचं. स्क्रीनही अडकून पडत नाही, तेवढ्यात तुम्ही दुसरं काम करा.

हेडफोनसाठी आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये बघा. काही टीव्ही स्पीकर आणि ब्लूटूथ एकदम चालवतात. तुमचा चालवत नसेल तर टीव्हीच्या मागच्या ऑप्टिकल भोकातून आवाज काढा, बहुतेक टीव्हींवर त्याने स्पीकर बंद पडत नाहीत. तिथे ब्लूटूथ ट्रान्समीटर लावता येतो, पण मी आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींवर चालणारा, हेडफोनच घेईन. त्याचा तळ टीव्हीला जोडायचा, हेडफोन रात्री तळावरच चार्जिंगला ठेवायचा. ब्लूटूथसारखा उशीर जाणवत नाही आणि आवाजाची चकती आईंच्या स्वतःच्या हाताखाली. कानातलं मशीन वापरत असतील तर मोठ्या गोल गाद्यांचाच बघा, नाहीतर मशीन शिट्टी मारतं.

चिंचेचा_कोळ:
व्हीएलसीवरून कास्ट जमलं!! पेन ड्राइव्हवर मुक्या असलेल्या फायलीही बोलायला लागल्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मात्र एकदम दोन्हीची सोय नाही, हेडफोन जोडला की स्पीकर बंद. नणंदेचा आरएफ हेडफोन मागवून ऑप्टिकलला लावलाय. तळावरचा दिवा लागतो, पण हेडफोनमध्ये नुसती खरखर. स्पीकर छान चालू आहेत. काय राहिलं असेल?

आडवाटेचा:
वायरीच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक टोप्या असतात, त्या काढल्यात ना? काढल्या असतील तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो' किंवा 'डॉल्बी'वर असेल, ते 'पीसीएम' (साधा, न दाबलेला आवाज) करा. त्या तळांना डॉल्बी बहुधा उलगडता येत नाही.