मदत हवी आहे: मोपा ते दुबई, आई-बाबांना चेक-इनपुरतं इंग्रजी

वाळवंटीकाठ

नमस्कार मंडळी. आई-बाबा पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत, तेही दोघंच. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून थेट दुबई, ताईकडे. महिनाभर राहून परत. मी साखळीहून मोपापर्यंत सोडायला जाणार, पण तिकीट नसलेल्याला दारातच थांबवतात. म्हणजे काउंटरपासून पुढे सगळं त्या दोघांनाच निभावायचं आहे.

बाबा कदंबात कंडक्टर होते. इंग्रजी बोर्ड, तारखा, आकडे सगळं वाचतात, पण बोलायची वेळ आली की गप्प. आई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. घरी कोंकणी-मराठी, हिंदी टीव्हीमुळे चांगली समजते. ती मात्र गप्प बसत नाही, आणि खरी काळजी तिचीच आहे. समोरच्याने इंग्रजीत काहीही विचारलं की हसून "येस येस" म्हणते. बँकेत तेच, दवाखान्यात तेच.

नेटवर विमानतळावरच्या इंग्रजी वाक्यांच्या याद्या सापडल्या. त्यात "कुड आय हॅव ॲन एक्झिट रो सीट" असली वाक्यं आहेत. आई ते पाठ करणार नाही, आणि केलं तरी समोरून उत्तर आल्यावर काय करणार? मला एवढंच कळायला हवंय: काउंटरवर नेमकं काय विचारतात, आणि कमीत कमी किती बोलून भागतं? परतीच्या वेळी दुबईत काय करायचं?

अबोली

दादा, मोपाला एवढं घाबरू नका. काउंटरवर पेडणे-बार्देसकडची पोरं-पोरी बरीच दिसतात. आईंनी "बाय, म्हाका इंग्लीश येना" म्हटलं तर निम्मं काम तिथेच होईल. नाहीतर हिंदी आहेच. दारावरचे सीआयएसएफवाले आणि इमिग्रेशनचे अधिकारी हिंदीतच बोलतात.

एक मात्र बघा, तिकिटावर जीओएक्स लिहिलंय ना? गोव्यात दोन विमानतळ, दोघांचे कोड वेगळे: मोपा म्हणजे जीओएक्स, जुना दाबोळी म्हणजे जीओआय. जानेवारी 2023 मध्ये मोपा सुरू झाल्यापासून तिकिटावर दोन्हीकडे "गोवा"च असतं आणि माणसं भलत्याच टोकाला पोचतात. परतीच्या तिकिटावरही बघा. दुबईहून दाबोळीचं विमान निघालं तर तुम्ही इकडे मोपाला वाट बघत बसाल.

काउंटरपलीकडे

मी बरीच वर्षं चेक-इन काउंटरवर काम केलं आहे (कुठल्या कंपनीत ते राहू दे). अबोलीताईंशी सहमत, पण कोंकणी बोलणारी मुलगी नेमकी त्याच रांगेला मिळेल याची खात्री नाही. तयारी असू द्या.

आधी त्या एक्झिट रोचं. ती वाक्यं फाडून टाका. आपत्कालीन दाराशेजारची जागा इंग्रजी येत नसलेल्या, वयस्कर प्रवाशाला देतच नाहीत. तिथे बसणाऱ्याला कर्मचाऱ्यांच्या सूचना कळाव्या लागतात आणि वेळ पडली तर दार उघडायला मदत करावी लागते.

आमच्या बाजूने बघाल तर प्रश्न ठरलेले असतात, फक्त झपाट्याने विचारले जातात. दिवसभर तेच बोलून आमची वाक्यं गुळगुळीत झालेली असतात. म्हणून आईंना वाक्य शिकवू नका. प्रत्येक प्रश्नातला एकच शब्द कानाला ओळखीचा करून द्या.

सुरुवात "पासपोर्ट प्लीज" किंवा "व्हेअर आर यू फ्लाइंग टू?"ने होते. यावर न बोलता दोन्ही पासपोर्ट, व्हिसाचा कागद आणि तिकीट पुढे ठेवलं तरी चालतं. मग "रिटर्न तिकीट?" आणि "व्हेअर विल यू स्टे?" हे दुबईसाठी हल्ली हमखास विचारतात. प्रवाशाला तिथे प्रवेश नाकारला तर त्याला परत आणणं विमान कंपनीच्या गळ्यात पडतं, म्हणून आम्ही आधीच खात्री करून घेतो. उत्तर: "डॉटर्स हाउस." ताईंचा पत्ता, मोबाईल नंबर आणि तिच्या तिथल्या ओळखपत्राची प्रत कागदावर हवी. फोनमध्ये ठेवाल तर नेमका तेव्हाच लॉक उघडत नाही.

पुढे "हाउ मेनी बॅग्ज टू चेक इन?" इथे "बॅग्ज" ऐकलं की बोटं दाखवायची. "एनी हँड बॅगेज?" म्हणजे हातातली पिशवी. ती वर उचलून दाखवायची.

आता जिथे "येस येस" महागात पडतं ते दोन प्रश्न.

पहिला: "डिड यू पॅक युअर बॅग्ज युअरसेल्फ?" याचं उत्तर येस. त्याच्या पाठोपाठ, त्याच सुरात: "हॅज एनीवन गिव्हन यू एनीथिंग टू कॅरी?" म्हणजे दुसऱ्या कोणी काही न्यायला दिलंय का. याचं उत्तर नो. आईंनी दोन्हीला हसून येस म्हटलं की पुढची मुलगी थांबणार, बॅग उघडायला लावणार, कदाचित वरिष्ठाला बोलावणार. आपल्याकडे दुबईला कोण निघालं म्हटलं की अख्खा वाडा पार्सल घेऊन दारात उभा राहतो, म्हणून हे जास्तच जपायचं. नुसतं "नो" शिकवून भागणार नाही, ते खरंही असायला हवं. कोणाचं बांधलेलं पुडकं घेऊ नका. घेतलंच तर स्वतः उघडून, बघून स्वतःच्या हाताने भरा, आणि विचारल्यावर तसं सांगा.

दुसरा: "एनी पॉवर बँक, बॅटरी, लायटर इन धिस बॅग?" इथे पकडायचा शब्द "पॉवर बँक". तो चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या पिशवीतच ठेवायचा. लिथियम बॅटरीला 100 वॉट-अवरपर्यंत परवानगी असते. नेहमीचा 20000 एमएएचचा पॉवर बँक 74 वॉट-अवरच्या आसपास भरतो, त्यामुळे अडचण नाही. बॅगेत राहिला तर खाली स्कॅनिंगमध्ये दिसतो आणि मग प्रवाशाला नाव पुकारून बोलावतात. आपलं नाव इंग्रजी उच्चारात पुकारलेलं आईंना ओळखू येईल का, हा वेगळाच प्रश्न.

शेवटी "विंडो ऑर आइल?" खिडकी की वाटेकडची. दोघं आहेत, तर जागेपेक्षा महत्त्वाचं वाक्य "टुगेदर प्लीज." हे बाबांना नक्की शिकवा. आगाऊ सीट घेतली नसेल तर दोघांना वेगळं बसवलं जाऊ शकतं.

मग ती मुलगी बोर्डिंग पासवर पेनाने गोल करत गेट आणि वेळ सांगते. ती वेळ बोर्डिंगची असते, विमान सुटण्याची नाही. आकडा नीट कळला नाही तर "प्लीज राइट इट हिअर." लिहिलेलं वाचण्यात बाबा आमच्यापेक्षा तयार असणार. कंडक्टरला आकड्यात कोण फसवणार!

आणि "येस येस"वरचा उतारा: "वन मिनिट. स्लोली प्लीज. हिंदी?" आईंकडून हे रोज म्हणवून घ्या. न कळलेल्या प्रश्नाला हो म्हणण्यापेक्षा हे बोललेलं आम्हाला कितीतरी सोपं पडतं. बॅगेचं वजन जास्त भरलं तर "ओव्हरवेट" किंवा "एक्सेस" ऐकू येईल. तेव्हा पैसे काढायची घाई नको, "वी रिमूव्ह सम थिंग्ज" म्हणायचं आणि बाजूला होऊन सामान काढायचं. व्याकरण कोणी तपासत नाही.

वाळवंटीकाठ

काउंटरपलीकडे, तुमचे पाय कुठे आहेत? पार्सलचं तुम्हाला कसं कळलं! शेजारच्या वहिनींनी भाच्यासाठी डबा आणूनसुद्धा दिलाय, वरून चिकटपट्टी लावलेला. आज परत करतो.

आईने बॅगेत काढून ठेवलेलं: आंब्याचं लोणचं, कोकमाचं आगळ, मसाले, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, नेवऱ्यो, अनारसे. बाबांनी जावयासाठी फेणी काढलीय. यातलं काय जाईल? काउंटरवर "फूड?" विचारलं तर येस म्हणायचं की नो?

देरावाला

थांबा! अनारसे आणि नेवऱ्यो बाहेर काढा. त्यात खसखस असते. खसखस युएईत बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते आणि त्यावरून माणसं तुरुंगात गेली आहेत. मसाल्यातही असते, घरचा मसाला असेल तर आईंना विचारून घ्या. इथे इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. दुबईच्या कस्टम्सला "होममेड स्वीट्स" म्हणून सांगता येत नाही.

औषधांचंही तसंच. ट्रामाडोल, कोडीन असलेली गोळी किंवा खोकल्याचं औषध डॉक्टरची चिठ्ठी आणि तिथली परवानगी असल्याशिवाय नेऊ नका. बाकी बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. विचारलं तर "बीपी मेडिसिन, डॉक्टर पेपर" एवढं पुरे.

काउंटरपलीकडे

देरावाल्यांना दुजोरा. बाकीचं पटकन सांगतो. लोणचं आणि आगळ चेक-इनच्या बॅगेत, गळणार नाही असं बांधून. हातातल्या पिशवीत 100 मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली जात नाही, अर्धी भरलेली असली तरी. खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा. सुकं खोबरं तेलकट असतं, आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. आईंना पटणार नाही, पण सांगा.

फेणी: 24 ते 70 टक्के मद्यार्काची दारू सीलबंद बाटलीत, माणशी 5 लिटरपर्यंत चेक-इनमध्ये चालते. काजूफेणी साधारण 42 टक्के असते, तेव्हा बसते. पण दुकानाची सीलबंद हवी. घरच्या भट्टीची, पाण्याच्या बाटलीत भरलेली नाही. दुबईची स्वतःची मर्यादा माणशी 4 लिटर आहे, तीही बघा.

"फूड?" विचारलं तर खरं ते सांगायचं. "येस. पिकल." बस.

खाजेंवाली

बाबांचे गुडघे कसे आहेत? व्हीलचेअर आधीच, निदान 48 तास अगोदर, एअरलाइनला सांगून ठेवा. ती ढकलणारा माणूस काउंटर, सिक्युरिटी, इमिग्रेशन, गेट सगळीकडे बरोबर असतो, म्हणजे अर्धे प्रश्न तोच झेलतो. काउंटरवर एक प्रश्न मात्र हमखास येतो: "कॅन यू क्लाइंब स्टेप्स?" इथे माझ्या सासूबाई अभिमानाने येस म्हणाल्या आणि विमानाला लावलेल्या शिडीपाशी त्यांना उतरवून दिलं. पायऱ्या चढवत नसतील तर स्पष्ट "नो स्टेप्स" म्हणायला सांगा.

गरज नसताना फक्त भाषेसाठी व्हीलचेअर मागू नका हो. ज्यांना खरंच चालवत नाही त्यांना ताटकळावं लागतं.

वाळवंटीकाठ

गुडघे ठणठणीत, साखळीच्या बाजारातून दोन पिशव्या घेऊन चालत येतात. व्हीलचेअर नको.

काल जेवणानंतर टेबलाचा काउंटर केला. मी विचारणारा, बाबा पासपोर्ट सरकवणारे. "हॅज एनीवन गिव्हन यू" म्हटल्यावर आई पहिल्यांदा येसच म्हणाली. मग "गिव्हन" ऐकलं की नो, असं ठरवलं. त्यानंतर मी मुद्दाम "डिड यू पॅक" विचारलं तरी ती नो म्हणाली. अजून काम बाकी आहे. "स्लोली प्लीज, हिंदी?" मात्र जमलं, आता ती मलाही तेच म्हणते.

परतीचं राहिलं. दुबईत ताई आत काउंटरपर्यंत जाऊ शकेल?

देरावाला

गर्दीच्या दिवसांत टर्मिनलमध्ये फक्त प्रवाशांनाच सोडतात, म्हणून ताई आत येईलच असं धरून चालू नका. तिथल्या काउंटरवर हिंदी, उर्दू, मल्याळम बोलणारे भरपूर असतात, पण सुरुवात इंग्रजीतच होते. प्रश्न हेच, फक्त व्हिसा-पत्त्याचे गळतात. "व्हेअर आर यू फ्लाइंग टू?"ला नुसतं "गोवा" नको, "गोवा, मोपा" म्हणायला शिकवा आणि बॅगेच्या टॅगवर जीओएक्स छापलंय का ते बाबांना वाचायला सांगा.

दुबई विमानतळावर तीन टर्मिनल आहेत. कोणतं ते तिकिटावर बघून ताईने टॅक्सीवाल्याला आधीच सांगावं. आत गेल्यावर काही अडलं तर आईंच्या पिशवीत ताईचा नंबर असलेला कागद, आणि एकच वाक्य: "प्लीज कॉल माय डॉटर." काउंटरवरचे लोक फोन लावून देतात.

वाळवंटीकाठ

लिहून घेतलं. टर्मिनलचं ताईला आत्ताच कळवतो. नेवऱ्यो आज संध्याकाळी आमच्याकडेच संपतील. आई म्हणते, दुबईसाठी खसखस न घालता परत करीन, त्याला वेळ आहे अजून.