पिंगर मुका असेल तर समुद्रतळाचं विमान शोधायचं कसं?

प्रश्न – निळी_रेषा
एअर फ्रान्स 447 बद्दल वाचतोय. 1 जून 2009, रिओहून पॅरिसला निघालेलं एअरबस ए330, 228 जण, अटलांटिकवर बेपत्ता. ब्लॅक बॉक्सच्या पिंगरची (पाण्यात टिकटिक आवाज देणाऱ्या यंत्राची) बॅटरी तेव्हा 30 दिवसांची असे. तेवढ्यात काही ऐकू आलं नाही आणि विमान सापडलं थेट एप्रिल 2011 मध्ये. मधल्या काळात तपास कशावर चालला? विमान हवेत फुटलं की अख्खं आदळलं, हे रेकॉर्डरशिवाय कळतं का?

दर्यावर्दी
दुसरा प्रश्न आधी घेतो. बरंच कळतं. तरंगून आलेल्या तुकड्यांवर जोर कुठल्या दिशेने बसला, ते बघतात. इथे गॅलीचे (विमानातल्या स्वयंपाकघराचे) भाग खालून वर चेपलेले होते. नाक किंचित वर ठेवून विमान पोटावर, प्रचंड वेगाने खाली येत आदळलं, असा अर्थ निघाला. ऑक्सिजन मास्कच्या पेट्या बंद होत्या, म्हणजे केबिनमधला दाब गेलेला नव्हता. लाइफ जॅकेटं पाकिटातच, म्हणजे पाण्यावर उतरायची तयारी झालेली नाही. उतरताना पंखांतून बाहेर काढतात ते फ्लॅपही आत घेतलेले. एवढ्यावरून फ्रान्सच्या बीईए या अपघात तपास संस्थेने 2009 मध्येच सांगितलं की विमान आदळेपर्यंत अखंड होतं.

का पडलं, हे मात्र तुकडे सांगत नाहीत. 02:10 ते 02:15 दरम्यान विमानाने आपोआप जमिनीवर पाठवलेल्या 24 एकार्स संदेशांतून वेगाची मापं एकमेकांशी जुळत नाहीत एवढं दिसत होतं. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांवर संशय तिथूनच गेला.

खोल_पाणी
आता शोधाबद्दल. विमानाचं शेवटचं कळलेलं ठिकाण 02:10 चं, संदेश पाच मिनिटांनी थांबले. मिनिटाला 8 सागरी मैल धरले की 40 मैल त्रिज्येचं वर्तुळ, सुमारे 17,000 चौ. किमी.

पिंगर 37.5 किलोहर्ट्झवर टिकटिकतो आणि साधारण 2-3 किमीवर ऐकू येतो. तळ 3,900 मीटरवर, म्हणजे जहाज बरोबर डोक्यावर असलं तरी पृष्ठभागावरून ऐकू येण्याची खात्री नाही. म्हणून श्रवणयंत्र कित्येक किलोमीटरच्या केबलने खोल सोडून सावकाश ओढतात. एक पट्टा संपवून जहाज वळवायलाच तास जातात. पाण्यात असं ओढताना वेग वाढवला की यंत्र वर उचललं जातं, शिवाय प्रवाहाच्या आवाजात टिकटिक बुडते.

2010 मध्ये अवशेष कुठून वाहत आले याचं उलट गणित मांडून वायव्येला शोधलं. पहिले तुकडे सापडेपर्यंत पाच-सहा दिवस गेलेले आणि विषुववृत्ताजवळच्या प्रवाहांची माहिती तुटपुंजी, त्यामुळे तो अंदाज साफ चुकला.

निळी_रेषा
पण ज्या भागात पिंगर ऐकू आला नाही, तिथे पुन्हा जायचं कशाला?

आकडेमोड
घोडं तिथेच पेंड खात होतं! ‘ऐकू आलं नाही’ हा पुरावा आहे, पण पिंगर चालू असेल तरच. धडकेत तो बिघडू शकतो. बेझच्या पद्धतीने (नवा पुरावा येईल तशी प्रत्येक जागेची शक्यता बदलत) नकाशा काढताना दोन्ही रेकॉर्डरचे पिंगर मुके असल्याची शक्यता धरली, तेव्हा संभाव्यतेचा मोठा वाटा शेवटच्या ठिकाणाभोवती आला. वूड्स होल या अमेरिकन सागर संशोधन संस्थेची रेमस 6000 ही बिनमाणसांची पाणयानं साइड स्कॅन सोनार (आवाजाच्या प्रतिध्वनीतून तळाचं चित्र काढणारं यंत्र) घेऊन तिथे उतरली आणि सुमारे आठवडाभरात अवशेष दिसले, शेवटच्या ठिकाणापासून जेमतेम साडेसहा सागरी मैलांवर, सपाट गाळावर. सोनारमध्ये आधी फक्त संशयित ठिपके दिसतात. मग जवळून फोटो काढून खात्री करतात. डोंगराळ तळ असता तर त्याच ठिपक्यांनी घाम काढला असता.

दर्यावर्दी
भर घालतो. एप्रिलच्या शेवटी फ्लाइट रेकॉर्डरची नुसती चौकट मिळाली, मेमरी युनिट निखळलेलं. ते 1 मे रोजी मिळालं, कॉकपिटचा रेकॉर्डर दुसऱ्या दिवशी. असं युनिट वर आणल्यावर पुसत-वाळवत बसायचं नाही, पाण्यातच ठेवून न्यायचं. हवेत आलं की क्षारांमुळे गंज भराभर चढतो. प्रयोगशाळेत क्षारमुक्त पाण्याने धुऊन, मंद उष्णतेवर वाळवून, विद्युत रोध मोजून शॉर्ट नाही ना ते पाहूनच वीज जोडतात. घाईने वीज दिली तर चिप गेलीच.

त्यातून पुढचं कळलं: पिटो नळ्या बर्फाने तुंबल्या, ऑटोपायलट सुटला, नाक वर खेचलं गेलं आणि स्टॉल झालेलं (पंखांची उचल गमावलेलं) विमान तसंच समुद्रापर्यंत आलं. नियमांत बदल असा की पिंगर आता 90 दिवसांचे आहेत, आणि समुद्रावरून लांब जाणाऱ्या मोठ्या विमानांच्या सांगाड्यावर वेगळा 8.8 किलोहर्ट्झचा. कमी वारंवारतेचा आवाज पाण्यात जास्त दूर जातो.