फ्रेड रॉजर्स यांनी मुलांचा कार्यक्रम जवळजवळ एकहाती चालवला, हे योग्य होते का?

औदुंबर
अमेरिकेतील मुलांच्या दूरचित्रवाणीचा विषय निघाला की 'सेसमी स्ट्रीट'च्या क्रांतीबद्दल बोलले जाते आणि फ्रेड रॉजर्स यांची बोळवण 'सज्जन गृहस्थ' एवढ्यावर होते. मला हे अन्यायाचे वाटते. संगीताचे पदवीधर असलेले रॉजर्स एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीची नोकरी सोडून १९५३ मध्ये पिट्सबर्गच्या डब्ल्यूक्यूईडी या नव्या दूरचित्रवाणी केंद्रात आले, पडद्यामागे बाहुल्या नाचवत हे माध्यम शिकले, काम सांभाळून धर्मशास्त्र शिकत १९६३ मध्ये पाद्री झाले, आणि १९६८ ते २००१ या काळात 'मिस्टर रॉजर्स नेबरहूड'ची बहुतेक गाणी, संहिता आणि मुख्य बाहुल्यांचे आवाज त्यांनी स्वतःच सांभाळले. बालमानसतज्ज्ञ मार्गारेट मॅकफार्लंड यांच्याशी ते संहितांवर वर्षानुवर्षे चर्चा करत. अमेरिकी नेते रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येनंतर काही दिवसांतच रॉजर्स यांच्या डॅनियल या वाघाच्या बाहुलीने हत्या म्हणजे काय, असे विचारले होते. कार्यक्रमातल्या माशांना खाणे घातले की नाही ही काळजी एका अंध मुलीने कळवल्यावर ते प्रत्येक वेळी तसे बोलून सांगू लागले. इतकी बारकाई समितीच्या बैठकीत टिकत नाही.

रानजाई
बारकाई मान्य आहे, पण प्रश्न कोणापर्यंत पोहोचायचे हा होता. दूरचित्रवाणी निर्मात्या जोन गँझ कूनी यांनी १९६६ मध्ये शाळापूर्व मुलांसाठी दूरचित्रवाणीचा उपयोग कसा होईल याचा अभ्यास हाती घेतला, शहरांतील गरीब मुले पहिलीत येण्याआधीच मागे पडतात हे समोर ठेवले, आणि लेखक, शिक्षणतज्ज्ञ व संशोधक यांना एकत्र बसवून नोव्हेंबर १९६९ मध्ये 'सेसमी स्ट्रीट' सुरू केले. ती व्यवस्था असल्यामुळेच २००६ मध्ये आपल्याकडे त्याची भारतीय आवृत्ती 'गली गली सिम सिम' उभी राहू शकली. रॉजर्स यांचा कार्यक्रम मात्र त्यांच्या आवाजाशी बांधलेला होता, त्यामुळे तो दुसऱ्या भाषेत नेणार तरी कसा?

औदुंबर
दुसऱ्या भाषेत गेला नाही हे खरे. परंतु त्या व्यवस्थेने गरीब आणि सुस्थितीतील मुलांमधली दरी बुजवली असे गृहीत धरू नका. संशोधक थॉमस कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये 'सेसमी स्ट्रीट'च्या परिणामांबद्दलच्या जुन्या आकडेवारीची फेरतपासणी केली, तेव्हा सुस्थितीतील मुलेही तोच कार्यक्रम पाहत असल्याने अंतर कमी होण्याऐवजी वाढेल अशी शंका पुढे आली. शिवाय रॉजर्स यांनी वेगळी युक्ती केली होती. १९७६ पासून काही वर्षे त्यांनी नवे भाग थांबवले आणि परतल्यावर वर्षाकाठी मोजकेच भाग केले, तेही आठवडाभर एकच विषय घेऊन: १९८१ मध्ये घटस्फोट, १९८३ मध्ये युद्धाची भीती. जुने भाग फिरत राहत, कारण दर काही वर्षांनी पाहणारी मुले नवीच असत. (खर्चही वाचत असे, हे उघड आहे. १९६९ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या निधीसाठी बोलताना त्यांनी एका भागाचा खर्च सहा हजार डॉलर सांगितला होता, आणि तेवढ्यात कार्टूनची दोन मिनिटेही होत नाहीत असे म्हटले होते.)

तळटीप
आपण दोघेही एक गोष्ट टाळत आहात. १९६९ मध्ये, गोरे आणि काळे यांनी एकाच तलावात पोहण्यावरून वाद होत असताना, रॉजर्स यांनी फ्रान्स्वा क्लेमन्स या कृष्णवर्णीय गायक-अभिनेत्याबरोबर एकाच टबात पाय बुडवून बसण्याचा प्रसंग दाखवला. त्याच क्लेमन्स यांना, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, समलिंगी असल्याचे उघड न करण्याची अट रॉजर्स यांनी घातली, कारण प्रायोजक दुरावण्याचे भय होते. सगळे एका माणसाच्या विवेकावर उभे असले की त्याच्या धैर्याबरोबर त्याची भीतीही कार्यक्रमाच्या वाट्याला येते.

औदुंबर
अट चुकीची होती. पण त्या काळातील अमेरिकेत एखाद्या समितीने प्रायोजकाला अधिक निडरपणे तोंड दिले असते, असे मानायला मला आधार दिसत नाही. क्लेमन्स यांनीही रॉजर्स यांच्याबद्दल पुढे आपुलकीनेच बोलणे पसंत केले.

रानजाई
ती आपुलकी क्लेमन्स यांची. तिच्या आधारे अट सौम्य ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि एकहाती कामाबद्दल एवढेच सांगते की २००३ मध्ये रॉजर्स गेले, आणि २०१२ मध्ये डॅनियलच्या मुलाला नायक करून नवी मालिका आली, ती लेखकांच्या चमूने आणि कार्टूनच्या रूपात. आजची लहान मुले त्यांच्या विचारांपर्यंत प्रामुख्याने त्या वाटेने पोहोचतात.