परदेशात आरसीसी घर: कॉलम भरायच्या आधी काय थांबवावं?

प्रश्न : बिनछताचा (इथे सगळे टोपणनावाने लिहितात)

भूकंपप्रवण देशात दुमजली घर बांधायचं चाललंय. मालक तिथे राहत नाही, ठेकेदार तिथलाच आहे. ड्रॉइंग भारतात काढलेलं, फे ५०० सळई (५०० मेगापास्कल ताकदीची) धरून. फुटिंग (पाया) आणि प्लिंथ बीम (जोत्याचे बीम) भरून झालेत. तळमजल्याच्या कॉलमचे सांगाडे उभे आहेत, काँक्रीट पुढच्या आठवड्यात.

फोटोत दिसतं ते असं: कॉलम २०० × २०० मिमी, १२ मिमीच्या चार सळ्या, त्यांना वेढणाऱ्या ६ मिमीच्या रिंगा २५० मिमीवर आणि रिंगांची टोकं काटकोनात वाकवलेली. प्लिंथच्या लगेच वर ५०० मिमीचा लॅप, म्हणजे खालची आणि वरची सळई तेवढी शेजारी शेजारी बांधलेली. बाथरूमचा ११० मिमीचा पाइप एका कॉलमच्या पोटातून जाणार आहे. आलेली सळई 'ग्रेड ४०' आहे आणि काँक्रीट ३,००० पीएसआयचं (ताकदीचं अमेरिकी माप) करू म्हणतात. ठेकेदाराच्या मते लोखंड टक्केवारीत बसतं, तेव्हा काळजी नको. खरं आहे का?

ओळंबा

टक्केवारीत बसतं हे खरंच आहे. चार सळ्यांचं क्षेत्रफळ ४५२ चौमिमी, म्हणजे १.१३ टक्के, आयएस ४५६ ला (काँक्रीटच्या भारतीय कोडला) किमान ०.८ लागतात. पण भूकंपात कॉलम सहसा टक्केवारी कमी पडली म्हणून जात नाही. रिंगा उघडतात, उभ्या सळ्या बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट सांडतं.

तुमच्या रिंगा भूकंप सोडा, साध्या नियमातही बसत नाहीत. अंतर सर्वात बारीक उभ्या सळईच्या १६ पटींपेक्षा जास्त नको, म्हणजे १९२ मिमी. भूकंपासाठी ८ मिमीच्या रिंगा घ्या. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला निदान ४५० मिमी उंचीपर्यंत त्या जवळ जवळ हव्यात. १०० मिमी हे जास्तीत जास्त अंतर, कॉलम बारीक असेल तर त्याहूनही कमी. हूक १३५ अंशांत आत वळवलेला, पुढे ७५ मिमी शेपूट. काटकोनातला हूक कव्हर (सळईबाहेरचं काँक्रीट) उडालं की सुटतोच. बीम-कॉलमच्या सांध्यातही रिंगा लागतात. बीमच्या सळ्यांच्या गर्दीत त्या घालणं कटकटीचं, म्हणून नेमक्या तिथेच गाळतात.

पाइप बाहेर काढा, यावर चर्चा नको. ११० मिमीचा पाइप तुमच्या कॉलमचं २४ टक्के क्षेत्रफळ खातो. एसीआय या अमेरिकी काँक्रीट कोडच्या २०११ च्या आवृत्तीत मर्यादा ४ टक्के होती.

सळई_सोळा

माझ्या मते रिंगांच्याही आधी सळईचा घोळ मिटवा. ग्रेड ४० म्हणजे यील्ड (ज्या ताणाला सळई कायमची लांबू लागते तो) २८० मेगापास्कल. ड्रॉइंग ५०० धरून केलंय. तेवढ्याच संख्येने, त्याच व्यासाच्या सळ्या बांधल्या तर सळ्यांची ताकद ५६ टक्क्यांवर येते, आणि ही गोष्ट कॉलमपुरती नाही, फुटिंगपासून स्लॅबपर्यंत सगळ्यालाच लागू आहे. फुटिंगमध्ये कोणती सळई गेली ते बिलावरून लगेच शोधा. ग्रेड ६० असेल तर ४२० मेगापास्कल, तरीही ड्रॉइंग पुन्हा तपासावं लागेल.

व्यासावरही विश्वास ठेवू नका, वजन करा. व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरमागे किलो मिळतात. १२ मिमीची १२ मीटर सळई १०.६७ किलो भरायला हवी. ९.३ किलो भरली तर ती ११.२ मिमीचीच आहे, म्हणजे क्षेत्रफळ १३ टक्के कमी. अमेरिकी मापात ४ नंबर म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी; ती १२ च्या जागी चालते. ३ नंबर ९.५ मिमीची असते, १० च्या जागी मोजून घ्यावी लागते.

पीएसआयचं मात्र उलट आहे, तिथे घाबरू नका. ३,००० पीएसआय म्हणजे २०.७ मेगापास्कल, पण ती सिलिंडरची, म्हणजे नळकांड्याच्या आकाराच्या नमुन्याची ताकद. आपला एम २५ (२५ मेगापास्कलचं काँक्रीट) क्यूबवर, म्हणजे चौकोनी ठोकळ्यावर मोजतात आणि सिलिंडर साधारण त्याच्या ८० टक्के भरतो. म्हणजे दोन्ही जवळपास एकच. युरोपीय पद्धतीत सी २५/३० लिहितात, त्यातला पहिला आकडा सिलिंडरचा, दुसरा क्यूबचा.

बिनछताचा

धन्यवाद. पाइप बाहेरून घेणार. आता ८ मिमीच्या रिंगा १०० वर बांधल्या आणि हूक नीट केले, तर २०० चाच कॉलम ठेवता येईल का? आणि लॅपला वेल्डिंग करून देतो म्हणतात.

ओळंबा

नाही. सांध्यातून जाणाऱ्या बीमच्या सळईच्या किमान २० पट कॉलमची खोली लागते, नाहीतर हादऱ्यात सळई सांध्यात घसरते. १२ मिमीलाच २४० होतात, आणि बीममध्ये बहुधा १६ असेल. भूकंपाच्या फ्रेमला किमान ३०० मिमी धरून चाला, बीममध्ये १६ असेल तर ३२०.

वेल्डिंग अजिबात नको. सळईतलं कार्बनचं प्रमाण माहीत नसताना वेल्ड केली की ती तिथे ठिसूळ होऊ शकते. लॅप ५०० म्हणजे ४२ पटसुद्धा नाही, आणि तो भूकंपात सर्वात जास्त ताण येणाऱ्या जागी आहे. लॅप कॉलमच्या मधल्या अर्ध्या उंचीत हवा होता. आता बोल्टने आवळायचे कपलर (दोन सळ्या टोकाला टोक जोडणाऱ्या नळ्या) हा एक मार्ग आहे.

थापी

कॉलम मोठा करताना एक चूक हमखास होते: नव्या सळ्या प्लिंथ बीमवर नुसत्या उभ्या करतात. त्या फुटिंगपर्यंत गेल्या पाहिजेत. म्हणजे प्लिंथखाली खणायचं, कॉलमचा जुना खुंट उघडा करून टाचायचा (खडबडीत करायचा), फुटिंगला भोकं पाडून केमिकल अँकर करायचे, म्हणजे सळ्या इपॉक्सीने चिकटवायच्या. भोक फुंकायचं, ब्रशने घासायचं, पुन्हा फुंकायचं. धूळ राहिली तर इपॉक्सी धुळीलाच धरतो. भोकाची खोली आणि फुटिंगला वाढलेलं वजन झेपतं का, हे तिथल्या परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. भार एका देशाच्या कोडचे आणि ताकद दुसऱ्याच्या, अशी सरमिसळ त्याला करू देऊ नका. दोन्हीकडचे सुरक्षा गुणांक वेगळे असतात.

साइटवर मिक्सर आहे म्हणून आणखी एक. सिमेंटची गोणी सगळीकडे ५० किलोची नसते, ४० किंवा ४२.५ चीही असते. पाणी-सिमेंटच्या ०.५ च्या प्रमाणाने ४२.५ किलोला २१ लिटर पाणी लागतं. सवयीने २५ ओतलं की प्रमाण ०.५९ होतं. ओल्या वाळूतलं पाणीही यातूनच वजा करायचं. १०० किलो वाळूत ५ टक्के ओल म्हणजे ५ लिटर.

भरायच्या दिवशी व्हिडिओ कॉल चालू ठेवा आणि चारच गोष्टी बघा: ४० मिमीचे कव्हर ब्लॉक, सांध्यातल्या रिंगा, व्हायब्रेटर, आणि चाचणीचे नमुने तुमच्यासमोर भरले जातात का. दुरुस्तीचं ड्रॉइंग हातात येईपर्यंत पुढच्या आठवड्याचं काँक्रीट रद्द करा, आणि तेवढे दिवस उघड्या सळ्या झाकून ठेवायला सांगा.