केळीच्या पानाचा फोटो पाहून सल्ला कसा द्यावा?

प्रश्न
राम राम मंडळी. रावेर-यावलकडच्या आमच्या गावच्या ग्रुपवर रोज पिवळ्या पानांचे फोटो पडतात, खाली एकच ओळ: "काय मारू?" करपा (बुरशीचा रोग) की सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक, विषाणूचा रोग), ते फोटोवरून कळत नाही. सल्ला चुकला तर समोरच्याचा पैसा जातो. आधी काय काय विचारावं?

उत्तर १
भाऊ, एका फोटोवर औषधाचं नाव सांगूच नका. अख्खं झाड, पोंग्याजवळचं (शेंड्याच्या गुंडाळलेल्या नव्या पानाजवळचं) कोवळं पान आणि सगळ्यात खालचं पान, असे तीन फोटो मागवा. करपा खालच्या पानांवरून वर चढतो. आधी शिरांना समांतर बारीक पिवळ्या रेषा, मग तपकिरी ठिपके, मध्ये राखाडी. सीएमव्ही कोवळ्या पानावर दिसतो: तुटक पिवळे पट्टे, कडा आत वळलेल्या, जोर जास्त असेल तर पोंगा सडतो. सोबत विचारा, मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), आधी काय फवारलं, आणि शेजारी कोणतं पीक आहे?

उत्तर २
शेजारचं पीक विचारायचं ते माव्यामुळे, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीमुळे. काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो यांच्यावर सीएमव्हीचा विषाणू राहतो आणि मावा तो केळीवर आणतो. विषाणूवर औषध नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगा. नाहीतर माणूस बुरशीनाशक मारून मोकळा होतो आणि रोगट झाड बागेत तसंच उभं राहतं. ते कंदासकट उपटून बागेबाहेर जाळायचं किंवा पुरायचं, मग दर चार-पाच दिवसांनी बाग फिरून बघायची. शंका राहिली तर पालच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवायला सांगा.

प्रश्नकर्ता
आणि करपाच निघाला तर?

उत्तर ३
पानाचा रोगट भाग कापून बाहेर जाळायचा. मग १० लिटर पाण्याला प्रोपिकोनाझोल हे बुरशीनाशक ५ मिली आणि मिनरल ऑइल १०० मिली. पण सांगताना पंपाच्या हिशेबात सांगा दादा: १५ लिटरच्या पंपाला ७.५ आणि १५० मिली. "एक झाकण" कधीच म्हणू नका, प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं असतं. तेल नीट ढवळलं नाही तर वर तरंगतं आणि पान भाजतं. आवाजी निरोप नको, लिहून पाठवा; दुकानात तेच दाखवता येतं. आणि जुने डाग जाणार नाहीत, नवं पान स्वच्छ येतंय का ते बघ, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर आठ दिवसांत तो तेच औषध पुन्हा मारतो.