एसिटालोप्राम चालू असताना 'मशरूम कॅप्सूल': पेशंटला काय सांगायचं?

समुपदेशक_दादर
एसिटालोप्रामसारख्या नैराश्याच्या गोळ्या चालू असलेले पेशंट इन्स्टावरची 'मायक्रोडोस' (अगदी थोड्या मात्रेची) नशेच्या मशरूमची कॅप्सूल दाखवतात आणि विचारतात, परदेशात संशोधनात हेच देतात ना? मेक्सिकोत तर पिढ्यान्‌पिढ्या देतात. 'बेकायदा आहे' एवढ्यावर भागत नाही. चाचणीत नेमकं काय होतं, चालू गोळ्यांचं काय करतात, आणि मुंबईत त्याऐवजी काय सुचवावं?

निमसरकारी
हेच देत नाहीत. चाचणीत प्रयोगशाळेत बनवलेलं सायलोसायबिन, म्हणजे या मशरूममधलं नशेचं रसायन, असतं, बहुतेकदा २५ मिग्रॅ, एकदा किंवा फार तर दोनदा. आधी तयारीच्या बैठका. मग सहा-आठ तास खोलीत: डोळ्यांवर पट्टी, संगीत, शेजारी दोन थेरपिस्ट, अधूनमधून रक्तदाब, कारण तो चढतो. नंतर पुन्हा बैठका. स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात स्किझोफ्रेनिया वा बायपोलर असेल तर सहसा दारातूनच परत पाठवतात.

निकालही लोक फुगवून सांगतात. २०२२ च्या मोठ्या चाचणीत २३३ जण होते. ६० गुणांच्या नैराश्य-मोजपट्टीवर तीन आठवड्यांनी २५ मिग्रॅवाले सरासरी १२ गुणांनी उतरले, तुलनेसाठी नाममात्र १ मिग्रॅ दिलेले ५.४ ने. १२ आठवड्यांपर्यंत सुधारणा टिकली ती २५ मिग्रॅच्या गटात पाचांत एकाची. शिवाय आपल्याला खरा डोस मिळालाय हे पेशंट ओळखतोच, त्यामुळे आशेचा वाटा वेगळा काढता येत नाही.

फार्मा_परळ
गोळ्यांबद्दल. चाचण्यांत एसएसआरआय (एसिटालोप्राम, फ्लुऑक्सेटिन या गटातल्या नैराश्याच्या गोळ्या) सहसा हळूहळू कमी करून निदान दोन आठवडे बंद ठेवतात. फ्लुऑक्सेटिन शरीरात रेंगाळतं, त्याला जास्त वेळ. घरी याच्याच दोन चुका होतात. गोळी अचानक बंद करून चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके, आणि वर नैराश्य परत. नाहीतर गोळी चालूच, त्यामुळे असर फिका वाटतो, म्हणून तासाभरात दुप्पट घेतात. लिथियम (बायपोलरमध्ये देतात ते औषध) चालू असेल तर सरळ नाही म्हणा, फिट आल्याच्या नोंदी आहेत.

आणि 'लीगल गमी'त पुष्कळदा लाल टोपीचं अमॅनिटा असतं. त्यातलं मस्किमॉल वेगळंच रसायन, सायलोसायबिनसारखं मेंदूतल्या सेरोटोनिनच्या मार्गाने ते काम करत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत मशरूम-चॉकलेट खाऊन लोक इस्पितळात गेले, तेव्हा काही नमुन्यांत प्रीगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषधसुद्धा निघालं.

ओआहाका_वाचक
मेक्सिकोचा दाखला देणाऱ्यांनी वेलादा, म्हणजे तिथला अळंबीचा विधी, काय असतो ते तरी बघावं. ओआहाका प्रांतातल्या माझातेक आदिवासींत ती रात्री, अंधारात, आजाराचं कारण शोधायला होते. अळंबी जोडीजोडीने खातात, आधी पथ्य पाळतात, आणि वैदूण स्वतःही खाऊन रात्रभर गाते. १९५७ मध्ये 'लाइफ' मासिकात लेख आला आणि मारिया साबिना या वैदूणीच्या वाउत्ला गावात परदेशी लोंढा लोटला. त्याची झळ तिलाच बसली. कुरियरने आलेल्या कॅप्सूलमध्ये यातलं काय आहे?

निमसरकारी
कायद्याचं: सायलोसायबिन एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, यादीत आहे. 'अळंबी म्हणजे नैसर्गिक बुरशी, अमली मिश्रण नव्हे' असं म्हणणारा केरळ उच्च न्यायालयाचा २०२५ चा निकाल जो तो फॉरवर्ड करतो, पण तो फक्त जामीन आदेश आहे. त्यावर विसंबून पार्सल मागवू नये.

पर्याय म्हणजे केटामिन, भुलीचं औषध. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात मानसोपचारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून देतात: किलोमागे ०.५ मिग्रॅ, ४० मिनिटांत शिरेतून, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० मिग्रॅ. नंतर दोनेक तास देखरेख, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. एका डोसचा परिणाम आठवडाभरात ओसरतो, हे आधीच सांगा. पण त्याआधी एक साधी गोष्ट तपासा: आत्ताची गोळी पुऱ्या डोसमध्ये सहा आठवडे झाली का? बऱ्याचदा झालेली नसते.

समुपदेशक_दादर
आणि आधीच खाल्लं असेल तर?

फार्मा_परळ
एकटं सोडू नका, गॅलरीचं दार लावा, दिवे मंद, वाद घालू नका. छातीत दुखणं, फिट, ताप किंवा आवरत नाही अशी धडपड दिसली तर थेट कॅज्युअल्टी. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले तर टेलि-मानस १४४१६, मराठीत बोलतात. धोका लगेचचा वाटला तर मात्र फोनवर न थांबता इस्पितळ. पावसाळ्यात कुणी आरेतून किंवा येऊरहून वेचून खाल्लं आणि सहा तासांनंतर उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ते थांबले तरी केईएम किंवा सायन गाठा. अमॅनिटाच्या दुसऱ्या, जीवघेण्या जातींत मधे एक दिवस बरं वाटतं आणि यकृत तेव्हाच जात असतं. उरलेलं भूछत्र कागदी पिशवीत घालून सोबत न्या, प्लॅस्टिकमध्ये सडतं.