स्मरणिकेत सौ., श्रीमती की गं. भा.?

सोसायटीच्या स्मरणिकेत ८० नावं आहेत. बायकांच्या नावांआधी काय लावावं?

» काहीच नको. ‘सौ.’ म्हणजे सौभाग्यवती. नवरा गेला की पदवीही जाते. पुरुषाचं ‘श्री.’ मात्र विधुर झाला तरी शाबूत!

» सरसकट ‘श्रीमती’ चालेल ना?

» व्याकरणाने चालेल. पण अनेकांच्या कानाला ते ‘विधवा’ असंच ऐकू येतं आणि छपाईनंतर फोन सुरू होतात. ‘श्री.’सुद्धा काढा, सगळी नावं अकारविल्हे लावा. ‘गं. भा.’ तर नकोच. २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द सरकारी पातळीवर पुढे आला, तेव्हा केवढी टीका झाली!

» माहितीच्या फॉर्ममधला ‘पतीचे नाव’ रकानाही काढा. उपाध्या तिथूनच यादीत शिरतात.